यंत्राला प्रश्न विचारण्याची विद्या

सांगली जिल्ह्यात द्राक्षाशी काहीच संबंध नाही असे घर सापडणे अवघड आहे. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस, खानापूर, जत या तालुक्यांत कुणाची स्वतःची बाग आहे, कुणी छाटणीच्या टोळीत आहे, कुणी बेदाण्याच्या शेडवर आहे, तर कुणी कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतील शीतगृहात कामाला आहे. याच घरांतील मुले आपल्या वसतिगृहात राहून शिकली. त्यांतील काही पुढे रसायनशास्त्राची पदवी घेऊन प्रयोगशाळांत यंत्रांपुढे बसली. द्राक्षाची पेटी युरोपात जाणार की बंदरात अडकणार, हे आज ज्या कागदावर ठरते तो कागद या यंत्रांतून निघतो. ही यंत्रे कोण चालवतो, कोणत्या ज्ञानाने चालवतो आणि ते ज्ञान यंत्रात कसे शिरले, याचा थोडक्यात इतिहास मांडणे हा या लेखाचा हेतू आहे. मी इतिहासाचा शिक्षक आहे, रसायनशास्त्राचा नाही. परंतु ज्ञान कोणाकडून कोणाकडे गेले हा प्रश्न मुळात इतिहासाचाच आहे.

१. यंत्र काय करते

द्राक्षातील औषधाचा अंश, बागायतदारांच्या भाषेत रेसिड्यू, इतका सूक्ष्म असतो की तो डोळ्यांना, जिभेला किंवा शाळेतील परीक्षानळीला कळत नाही. क्लोरमेक्वाट नावाच्या एका रसायनासाठी 2010 साली युरोपीय संघाने द्राक्षात ठेवलेली मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम होती. याचा हिशेब असा, की 20 टन द्राक्षांत सर्व मिळून 1 ग्रॅम. चिमूटभर मिठापेक्षा फारसे अधिक नसलेले हे वजन वीस टन मालात शोधायचे आहे.

हा शोध घेणाऱ्या यंत्राला मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. त्याचे मूळ तत्त्व जुने आहे. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस अॅस्टन यांनी अशा यंत्राने मूलद्रव्यांचे समस्थानिक वेगळे करून दाखविले आणि त्यासाठी त्यांना 1922 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पदार्थाच्या रेणूंना विद्युतभार द्यायचा, त्यांना विद्युतक्षेत्रातून धावायला लावायचे आणि वस्तुमानानुसार त्यांची निवड करायची, हे ते तत्त्व. आज रेसिड्यूच्या तपासणीत जे यंत्र सर्रास वापरले जाते ते तीन टप्प्यांचे असते. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात रिचर्ड यॉस्ट आणि क्रिस्टी एन्की यांनी 1978 मध्ये ते प्रथम मांडले. पहिल्या टप्प्यात ठरावीक वस्तुमानाच्या रेणूंनाच वाट मिळते, बाकीचे बाहेर पडतात. दुसऱ्या टप्प्यात त्या रेणूंची वायूच्या कणांशी टक्कर होऊन त्यांचे तुकडे होतात. तिसऱ्या टप्प्यात त्या तुकड्यांपैकी ठरावीक तुकडेच मोजले जातात. क्लोरमेक्वाटचा भारित रेणू 122 वस्तुमानाचा असतो आणि त्याचे 58 व 63 वस्तुमानाचे तुकडे पडतात. म्हणून यंत्राला सांगावे लागते : 122 ला आत घे, फोड आणि 58 व 63 मोज.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. असे यंत्र द्राक्षात काय काय आहे हे स्वतःहून सांगत नाही. त्याला जे विचारले त्याचेच ते उत्तर देते. 122 विचारले नाही, तर 122 वस्तुमानाचा रेणू त्याच्या दारावरूनच परत जातो.

२. यंत्राची जुळणी

प्रश्न विचारणे वाटते तितके सोपे नाही. नमुना कोणत्या द्रावकात उतरवायचा, त्यातील घटक वेगळे करण्यासाठी कोणती नळी जोडायची, फवाऱ्याला किती व्होल्ट द्यायचे, तापमान किती, वायूचा प्रवाह किती, टक्कर किती जोराची, एकेका वस्तुमानावर यंत्राने किती वेळ थांबायचे, अशा अनेक गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. शिवाय या गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. टक्कर फार हलकी असेल तर रेणू फुटत नाही, फार जोराची असेल तर त्याचा भुगा होतो आणि मोजायचा तुकडाच हाती लागत नाही. एक खुंटी पिळली की दुसरी सैल होते. मिरजेच्या सतारमेकरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

यंत्र सुरात आहे की नाही हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत ज्ञात पदार्थ वापरतात. वायूरूप नमुन्यांच्या यंत्रात बहुधा फ्लोरिनयुक्त असा एक पदार्थ सोडतात. त्याची 69, 219 आणि 502 ही वस्तुमाने ठाऊक असतात. ती आपापल्या जागी आणि योग्य उंचीची दिसली की यंत्र जुळले असे मानतात. दिसली नाहीत तर जाणकार माणूस शिखरांच्या आकाराकडे पाहून दोष ओळखतो : येथे गळती आहे, तेथे मळ साचला आहे, अमुक व्होल्टेज सरकले आहे. वर्षानुवर्षे यंत्रापाशी बसून हे ज्ञान येते. जाणकार निवृत्त झाला किंवा दुसऱ्या कंपनीत गेला की ते त्याच्याबरोबर जाते.

३. जाणकाराचे ज्ञान कागदावर उतरवणे

हे ज्ञान माणसाच्या डोक्यातून काढून संगणकाला देता येईल काय, हा प्रश्न अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 1965 मध्ये विचारला गेला. संगणकशास्त्रज्ञ एडवर्ड फायगेनबॉम, नोबेल पारितोषिक मिळविलेले जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग, रसायनशास्त्रज्ञ कार्ल जेरासी आणि ब्रूस ब्युकॅनन यांनी डेंड्रल नावाचा कार्यक्रम उभारला. मास स्पेक्ट्रोमीटरमधून निघालेली शिखरे वाचून मूळ रेणूची रचना कशी असावी याचा तर्क करणे हे त्याचे काम होते. तज्ज्ञ प्रणाली, म्हणजे ज्याला एक्स्पर्ट सिस्टिम म्हणतात, तिचा आरंभ बहुधा येथूनच सांगितला जातो. तज्ज्ञ प्रणालीचा जन्म रासायनिक पृथक्करणाच्या यंत्राशेजारी झाला, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

तज्ज्ञ प्रणाली म्हणजे नेमके काय? तिचे दोन भाग असतात. एका भागात जाणकारांकडून मिळवलेले नियम साठवलेले असतात. बहुतेक नियम 'जर असे असेल, तर तसे' या स्वरूपाचे. दुसरा भाग समोरच्या माहितीला हे नियम क्रमाने लावून निष्कर्षापर्यंत जातो. एक साधा नियम उदाहरणादाखल पाहू. निसर्गात क्लोरिन 35 आणि 37 अशा दोन वस्तुमानांचा असतो आणि त्यांचे प्रमाण सुमारे 3 ला 1 असते. म्हणून नियम असा होतो : जर दोन शिखरांत 2 चे अंतर असेल आणि दुसरे शिखर पहिल्याच्या सुमारे एक तृतीयांश असेल, तर रेणूत क्लोरिनचा एक अणू असण्याची शक्यता आहे. क्लोरमेक्वाटच्या 122 शेजारी 124 चे लहान शिखर दिसते ते याच कारणाने. रसायनशास्त्रज्ञ हे एका नजरेत ओळखतो. संगणकाला ते लिहून द्यावे लागते.

लिहून देण्यातच खरी अडचण होती. जाणकाराला विचारले, "तुम्ही हे कसे ओळखलेत?" तर तो म्हणतो, "दिसतेच की!" त्याच्याजवळ दिवसचे दिवस बसून, एकेक उदाहरण पुढे ठेवून, "हेच का, ते का नाही" असे विचारत नियम बाहेर काढावे लागत. या कामासाठी ज्ञान-अभियांत्रिकी हा नवा शब्द रूढ झाला. या अनुभवातून फायगेनबॉम यांनी काढलेला निष्कर्ष असा, की अशा प्रणालीचे बळ तिच्या तर्कशक्तीपेक्षा तिला दिलेल्या विषयज्ञानात अधिक असते.

यानंतर नियमांची ही पद्धत जुळणीच्या कामाकडे वळली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन मॅकडर्मॉट यांनी 1978 पासून डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनसाठी एक प्रणाली तयार केली, ती पुढे एक्सकॉन या नावाने ओळखली गेली. त्या कंपनीचा व्हॅक्स संगणक प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे सुट्या भागांतून जुळवावा लागे आणि एखादी केबल किंवा एखादा भाग विसरला की सारे काम अडे. कोणत्या भागाबरोबर कोणता भाग लागतो हे ठरवण्याचे काम 1980 पासून ही प्रणाली करू लागली. तिचे नियम पुढे हजारोंच्या संख्येत गेले. तसे नवे भाग बाजारात आले की जुने नियम खोटे ठरू लागले आणि ते नियम दुरुस्त करत राहणे हेच एक मोठे काम होऊन बसले. ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. तीन टप्प्यांच्या मास स्पेक्ट्रोमीटरची जुळणी करण्यासाठी तेथे टीक्यूएमएसट्यून नावाची तज्ज्ञ प्रणाली तयार करण्यात आली. कोणती खुंटी आधी फिरवायची, कोणती नंतर, एकीचा दुसरीवर काय परिणाम होतो, हे जाणकारांचे ज्ञान तिच्यात घातले गेले. आज नव्या यंत्रात 'ऑटोट्यून' या एका बटणाखाली जे काम होते, त्याच्या पूर्वजांपैकी ही एक म्हणता येईल.

आपला देशही या विद्येपासून दूर नव्हता. 1986 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा प्रकल्प हाती घेतला. टाटा मूलभूत संशोधन संस्था, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मद्रासची आयआयटी यांच्याबरोबर मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी हेही त्यातील एक केंद्र होते. याच मुंबईच्या केंद्राने तज्ज्ञ प्रणाली तयार करण्यासाठी एक साधन विकसित केले, त्याचे नाव होते 'विद्वान'. नियम आपण द्यायचे आणि त्यांवरून तर्क करण्याचे काम 'विद्वान'ने करायचे, अशी ती योजना होती.

४. 2010 : नियम जेथे संपले

आता पुन्हा आपल्या बागेकडे येऊ. 2003 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत औषधांचे अंश सापडल्यावर आपल्याकडे निर्यातीच्या द्राक्षांची शिस्तबद्ध तपासणी सुरू झाली. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेची जबाबदारी आली. पुढे अपेडा या केंद्र शासनाच्या संस्थेने ग्रेपनेट सुरू केले आणि प्रत्येक बागेची नोंदणी, नमुना व अहवाल संगणकावर जोडला गेला. तपासावयाच्या रसायनांची यादी ठरली. यंत्रे त्या यादीप्रमाणे जुळवली गेली. व्यवस्था चांगली होती आणि तिच्यावर युरोपचा विश्वासही बसू लागला होता.

2010 च्या हंगामात मात्र युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट मर्यादेपेक्षा अधिक आढळले. कंटेनर अडकले, निर्यातदारांचे मोठे नुकसान झाले आणि त्याची झळ बागायतदारांपर्यंत आली. क्लोरमेक्वाट म्हणजे काही आपल्याकडे अनोळखी औषध नव्हे. सीसीसी किंवा लिहोसिन या नावाने ते प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून काडीत घडनिर्मिती व्हावी म्हणून ते फवारतात. फवारणी आणि काढणी यांत कित्येक महिन्यांचे अंतर असते. तरीही हे रसायन वेलीत टिकून राहू शकते आणि फळापर्यंत पोहोचते.

मग आपल्या तपासणीत ते का दिसले नाही? कारण ते यादीतच नव्हते. ते यादीत नव्हते म्हणून यंत्राला 122 विचारले गेले नाही. आणि विचारले असते तरी नेहमीच्या पद्धतीने ते हाती लागले असते असे नाही. शेकडो औषधे एकाच वेळी काढण्यासाठी एथिल अॅसिटेटसारखा जो द्रावक वापरतात त्यात हे रसायन उतरत नाही, कारण ते कायम विद्युतभार बाळगणाऱ्या क्षारांच्या जातीचे आहे. त्याला पाणी आणि मिथेनॉल लागते. नेहमीची नळीही त्याला धरून ठेवत नाही. त्यासाठी वेगळ्या गुणधर्मांची नळी लागते. म्हणजे द्रावकापासून तुकड्यांच्या वस्तुमानापर्यंत सारी जुळणीच वेगळी. यंत्रात कोणताही बिघाड नव्हता. प्रयोगशाळेचे अहवालही खोटे नव्हते. जे विचारले गेले त्याचे उत्तर बरोबर आले होते. एक प्रश्न मात्र विचारायचा राहिला होता. त्यानंतर क्लोरमेक्वाट तपासणीत समाविष्ट झाले आणि त्याची स्वतंत्र पद्धतीने चाचणी होऊ लागली.

तज्ज्ञ प्रणाली कितीही उत्तम असली तरी ती या जागी थांबते. यंत्राची जुळणी बिनचूक कशी करावी हे तिच्या नियमांत असते. परंतु यादीबाहेरही काही असू शकेल ही शंका तिला येत नाही. ती शंका कुणाला येऊ शकली असती? ज्याने एप्रिलमध्ये पंप पाठीवर घेऊन लिहोसिन फवारले, त्या माणसाला. त्याच्या डोक्यातील ज्ञान आणि प्रयोगशाळेतील यंत्र यांच्यामध्ये वाट तयार झालेली नव्हती.

५. बागेतील जाणकार

अशी वाट आपल्या भागाला अपरिचित होती असे मात्र म्हणता येणार नाही. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी प्रयोग परिवार उभा केला आणि तासगाव भागातील द्राक्ष बागायतदार त्यात सामील झाले. स्वतःच्या बागेत प्रयोग करायचा, नोंद ठेवायची आणि जे कळले ते पत्राने, बैठकीत किंवा बागेत बोलावून इतरांना सांगायचे, अशी ही पद्धत होती. पानाचे क्षेत्र, सूर्यप्रकाश, घडांची संख्या यांचा हिशेब शाळा अर्धवट सोडलेले शेतकरी करू लागले. ज्ञान एका डोक्यातून बाहेर काढून सर्वांच्या वापरात आणणे हाच जर तज्ज्ञ प्रणालीचा गाभा असेल, तर संगणकाशिवाय चाललेले तिचे एक रूप आपल्या शेजारच्या तालुक्यात होते असे म्हणायला हरकत नाही.

दोन्हींत एक फरक मात्र होता. प्रयोग परिवारात नियम सांगणारा आणि वापरणारा एकाच बैठकीत असे; नियम चुकला तर दुसऱ्याच हंगामात तो खोडता येई. यंत्रात बसवलेला नियम कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणत्या पिकासाठी लिहिला हे बटण दाबणाऱ्याला कळत नाही. आपल्या समाजाला हे वेगळे सांगावे लागू नये. ज्ञान थोड्यांच्या हाती राहिले आणि इतरांना 'का?' असे विचारण्याचा अधिकार नाकारला गेला, की काय होते हे आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. जाणकाराचे ज्ञान लिहून काढून सर्वांना उपलब्ध करणारे तंत्र म्हणूनच स्वागतार्ह आहे. पण लिहिलेला नियम प्रश्न न विचारता पाळला जाऊ लागला, तर जुनी मक्तेदारी नव्या रूपात परत येते.

पहिल्या पिढीच्या तज्ज्ञ प्रणालींत एक गुण होता तो येथे आठवावा. स्टॅनफर्ड येथेच 1970 च्या दशकात तयार झालेली मायसिन ही रोगनिदानाची प्रणाली, "हा प्रश्न का विचारतोस?" किंवा "हा निष्कर्ष कसा काढलास?" असे विचारले असता आपण वापरलेला नियम दाखवीत असे. आजच्या कित्येक प्रणाली अधिक हुशार आहेत, परंतु कारण सांगण्याची ही सवय त्यांच्यात तितकीशी उरलेली नाही.

६. अहवाल कसा वाचावा

इतिहासाच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना सांगतो, की एखाद्या बखरीत किंवा दप्तरात एखाद्या वस्तीचा उल्लेख नाही, म्हणून ती वस्ती नव्हतीच असे मानू नये. लिहिणाऱ्याला ती नोंदवावीशी वाटली नसेल. प्रयोगशाळेच्या अहवालालाही हीच कसोटी लावावी. 'आढळले नाही' या दोन शब्दांचे किमान तीन अर्थ संभवतात. पदार्थ खरोखरच नाही. पदार्थ आहे, पण यंत्राच्या मोजमापाच्या मर्यादेखाली आहे. किंवा यंत्राची जुळणी त्या पदार्थासाठी योग्य नव्हती. चौथी शक्यता तर कागदावर उमटतच नाही : त्या पदार्थाविषयी विचारलेच नव्हते. म्हणून अहवालातील निकालाआधी तपासलेल्या रसायनांची यादी, मोजमापाची मर्यादा आणि पद्धत वाचावी. बागायतदार पालकांनी नमुना देतानाच आपण वर्षभरात काय काय फवारले याची संपूर्ण नोंद सोबत द्यावी, खरड छाटणीपासूनची. तीच नोंद यंत्राला योग्य प्रश्न विचारण्याचा आधार होते.

प्रयोगशाळांत काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांकडून यापेक्षा थोडी अधिक अपेक्षा आहे. ऑटोट्यूनचे बटण दाबणे आठवड्यात शिकता येते. त्या बटणाखाली कोणते नियम आहेत आणि ते कोठे लागू होत नाहीत, हे शिकायला वर्षे लागतात. पण ती वर्षे दिली, तरच यंत्र बदलले किंवा नवी प्रणाली आली तरी माणूस निरुपयोगी ठरत नाही. जे कळले ते वहीत लिहावे, धाकट्या सहकाऱ्याला सांगावे आणि सुटीत शाळेत येऊन दहावीच्या मुलांनाही सांगावे. वसतिगृहातील मुलांना अशा बोलण्यातून जे मिळते ते पाठ्यपुस्तकातून मिळत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

1. किलोमागे 0.05 मिलिग्रॅम या मर्यादेने 10 टन द्राक्षांत जास्तीत जास्त किती अंश चालेल?
2. ब्रोमिन निसर्गात 79 आणि 81 वस्तुमानांचा, जवळजवळ सारख्या प्रमाणात असतो. क्लोरिनच्या नियमाप्रमाणे ब्रोमिनसाठी 'जर... तर...' असा नियम लिहा.
3. घरातील एखादे कौशल्य, उदाहरणार्थ भाकरी थापणे किंवा बेदाण्याची प्रत ओळखणे, जाणकाराला विचारून दहा नियमांत लिहा. कोणती गोष्ट नियमात बसली नाही?
4. आपल्या किंवा शेजारच्या बागेत वर्षभरात फवारलेल्या औषधांची यादी करा. एखाद्या तपासणी अहवालातील यादीशी ती ताडून पाहा. काय राहिले?